काटा वर होता, बापू

प्रिय बापू,

आज सकाळीही तुझ्या फोटोपुढच्या दिव्यात तेल मीच घातलं. तुझी शांता त्याला हात लावत नाही. पण दुपारी जे कळलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

आलापल्लीहून सागवान भरून निघालास आणि नाल्याच्या उतारावर इंजिन जाम झालं, चाकं जाम झाली. ट्रक उलटला. लाकडं केबिनवर आली आणि तू गेलास. इंजिनात तेलाचा थेंब नव्हता. ठेकेदाराच्या मुनीमानं तिथंच सांगून टाकलं, "ड्रायव्हरनं तेल इकलं असन. दुसरं काय?"

विहिरीवर एकीनं शांताला ऐकवलं, "तुमच्या घरी दिव्याले तेलाची काय कमी, बाई?" तेव्हापासून तुझी बायको तेलाच्या भांड्याजवळ जात नाही.

तू चोर नाहीस, हे मला ठाऊक होतं. पण बहिणीच्या ठाऊक असण्याला अहेरीच्या बाजारात कोण विचारतं?

आज रहीमभाई मिस्त्रींनी इंजिन उघडलं. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. त्यांनी आधी तुझं तेलाच्या दाबाचं मीटर दुसऱ्या ट्रकला लावून पाहिलं. ते खरंच दाखवत होतं. तू इंजिनात घालायचास त्या पिंपातलं तेल बोटांवर घासलं. ते जाड नव्हतं, म्हणजे दाब तेलामुळे वाढला नव्हता. मग पंपाजवळची छोटी झडप काढली. जास्तीचा दाब तिनं सोडून द्यायचा असतो. ती गाळानं बंदच चिकटली होती, हातोडीशिवाय हलेना. दाब चढत गेला आणि शेवटी फिल्टरचं पॅकिंग फाटून तेल बाहेर उडालं.

"बॉनेट आतून पाय, बाई," रहीमभाई बॉनेट उलटं करून दाखवत म्हणाले. "सारं तेल इथी हाय. चोर काय बॉनेटले फासून जाईन?"

शांता रडली नाही. तिनं बॉनेटला आतून बोट लावलं आणि ते काळं बोट पदरात धरून खाली बसली.

मला दिवाळी आठवली. केबिनमध्ये मला शेजारी बसवून, त्याच मीटरकडे बोट दाखवत तू म्हणाला होतास, "बाई, काटा पाय कसा वर हाय. इंजिन पैलवान झालं."

"इतका वर चालते काय रे?"

"खाली आला तं भ्यावं. जोर वाढला तं काऊन भ्यावं?"

जोर! तापातून उठलेल्याला जोर यावा, धानाला जोर यावा. आपल्याकडे जोर म्हणजे चांगलंच. तो जीवही घेतो, हे तुला कुणी सांगितलं नाही का रे? की सांगितलं आणि तू हसण्यावारी नेलंस? दिवाळीपासून तो काटा तुझ्यासमोर हात वर करून उभा होता.

मुनीम आता म्हणतो, "पण काटा तं त्याले दिसत होता ना?"

आत्ता, मी घरी हे लिहीत असताना, शांता उठून दिव्याजवळ गेली. त्याच काळ्या बोटानं तिनं वात पुढे सारली, तेल घातलं.

येत्या बाजारात ते बॉनेट बैलगाडीवर घालून नेईन. ज्याला बोलायचं त्यानं आधी बोट लावून पाहावं. आणि तुझी लेक मोठी झाली की तिला दोन्ही सांगेन. तुझा बाप चोर नव्हता. आणि काटा त्याला दिसत होता.

तुझी,
बाई