वेळेनुसार उकाडा

साडूभाऊंच्या सेवेशी,

पूर्वीचे लोक साष्टांग नमस्कार घालत. माझी कंबर तेवढी राहिलेली नाही, तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला उतरला असेल. माझी प्रकृती उत्तम आहे. माझ्या पत्नीची प्रकृती मी तुम्हाला विचारावी अशी वेळ आली आहे, कारण गेले एकोणीस दिवस ती तुमच्याकडे, म्हणजे आपल्या बहिणीकडे, मुक्कामाला आहे. तिने काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. पण वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने एकाच पारड्याकडे बघून निकाल देऊ नये, आणि दुसऱ्यालाही देऊ देऊ नये. म्हणून दुसरं पारडं पोस्टाने पाठवतो आहे.

तर झालं असं. मागच्या वर्षीपासून तिला तो त्रास सुरू झाला, पन्नाशीच्या आसपास बायकांना होतो तो (तपशील ताईंना विचारा). बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात, चेहरा लालबुंद होतो, पाच मिनिटांत कपडे भिजतात. त्यात तिचं काम पडदे शिवण्याचं. मशीन पश्चिमेच्या खोलीत आणि मांडीवर जाडजूड मखमल. एके दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो तर ही फ्रीजचं दार उघडून आत डोकं घालून उभी. मी विचारलं, "काय शोधतेस?" ती म्हणाली, "मोक्ष." दार असं उघडं ठेवल्याने किती वीज वाया जाते ते मी तिला सांगितलं. तिने दार लावलं. जरा जोरातच लावलं. अंड्यांचा कप्पा तेव्हापासून तिरका आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दोन-चार वर्षं चालायचंच, खोली थंड ठेवा. मी त्याच आठवड्यात एसी घ्यायचं ठरवलं (मी ठरवलं, हे तिने सांगितलं असेलच असं नाही). खोलीचं माप घेतलं, त्यातून कपाटांचं घनफळ वजा केलं आणि कागद घेऊन दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, एक टन पुरे. मी विचारलं, कशाचा टन? तो म्हणाला, "साहेब, टन म्हणजे टन." साडूभाऊ, एवढ्याशा वाक्यावर मी नोकरीत असताना लोकांचे काटे जप्त केले आहेत. मी यंत्र वजनकाट्यावर ठेवायला लावलं. बाहेरच्या डब्यासकट सदतीस किलो भरलं. गर्दी जमली. शेवटी मालक आला आणि म्हणाला, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी हे यंत्र तेवढ्याच वेळात खोलीतून काढतं, म्हणून एक टन. खुलासा समाधानकारक होता. मी माफी मागितली नाही, पण यंत्र घेतलं. तोवर पत्नी नमुन्याच्या एसीसमोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसली होती. इतकं समाधान मी तिच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिलं नव्हतं (लग्न ऐन उन्हाळ्यात होतं).

आता खर्च. असं यंत्र तासाला साधारण एक युनिट खातं असं धरलं, रोजचे सहा तास धरले, तर महिन्याला एकशेऐंशी युनिटं. वीज कंपनीच्या योजना दोन. पहिलीत दिवसभर एकच दर. दुसरीत वेळेनुसार दर: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, पाच ते नऊ दुपटीहून महाग, बाकी वेळ मधला. यातली कुठली स्वस्त पडेल, हे पत्नीला कधी उकडतं यावर ठरणार. म्हणून मी चौदा दिवस एक वही ठेवली. "दुपारी ३.२०, मध्यम. ३.५५, तीव्र, चिडचिडीसह. ४.१०, नुसती चिडचिड." ही वही तिच्या हाती लागली. तिने ती शांतपणे वाचली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, "४.४०, अतितीव्र, कारण नवरा." नोंद नियमबाह्य होती, पण वेळ बरोबर असल्याने मी ती धरली. चौऱ्याहत्तर टक्के उकाडा स्वस्त वेळेत पडत होता.

वीज कंपनीच्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती. माझे तक्ते तिने आदराने पाहिले. मग विचारलं, "एसी कुणासाठी आहे, काका?" मी म्हटलं, पत्नीसाठी. "मग त्यांना कुठली योजना हवीय?" मी म्हटलं, तिला योजनेतलं काही कळत नाही, तिला फक्त उकडतं. मुलीने माझे तक्ते घडी करून मला परत दिले. मग तिने वेळेनुसार दराचा शिक्का मारला आणि सांगितलं की सहा महिने बदल करता येणार नाही.

आणि पुढच्याच आठवड्यापासून पत्नीला संध्याकाळी उकडू लागलं. साडेपाच, सहा, पावणेसात. यात तिचा हेतू होता असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की याला वेळापत्रक नसतं. मी पाच ते नऊ रिमोट खिशात ठेवायला लागलो. तो झटका पाचाच्या आत उरकता येतो का ते बघ, असंही एकदा सुचवलं (आवाज न चढवता).

त्या दिवशी तिच्याकडे मलईच्या रंगाच्या रेशमी पडद्यांचं काम होतं, सकाळी द्यायचं. साडेसहा वाजले होते. मी समोर पेपर वाचत होतो. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "रिमोट द्या." मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "अडीच तास." तेवढ्यात तिच्या कपाळावरून घाम ओघळला आणि टपटप रेशमावर पडला. रेशमावर पाण्याचाही डाग राहतो, हे मला माहीत नव्हतं. तिने दोरा तोडला, पडद्याची घडी केली, मशीनवर झाकण घातलं आणि बॅग भरली. दारात चपला घालताना म्हणाली, "नऊ वाजले की ताईकडे फोन करा. उकडतंय की नाही ते सांगते."

मी बरोबर नऊला फोन केला. ताईंनी उचलला. म्हणाल्या, "झोपली ती."

परवा बिल आलं. माझा हिशेब साफ चुकला होता. खोली एकदा गार झाली की यंत्राचा कॉम्प्रेसर आपोआप थांबून विसावा घेतो, आणि मी ते घाण्याच्या बैलासारखं अखंड जुंपलेलं धरलं होतं. ती होती तोवरचे दिवस धरून मी पुन्हा आकडेमोड केली. साध्या दरापेक्षा माझ्या योजनेने वाचले ते पैसे त्या रेशमाच्या सव्वा मीटरइतके. पडद्याचं खराब झालं ते अडीच मीटर. गिऱ्हाईक गेलं ते वेगळं. ते कशात मोजायचं ते मला ठाऊक नाही.

काल संध्याकाळी साडेसहाला मी मुद्दाम एसी लावला आणि तिच्या मशीनपाशी बसलो. वीस मिनिटांत खोली छान गार झाली. मग करायला काहीच नव्हतं, म्हणून बंद केला.

दोन्ही पारडी आता तुमच्यासमोर आहेत. तुमचा लोभ आहे असं धरून चालतो. नसल्यास तसं कळवावं.

आपला,
धाकटा साडू

ता.क. सहा महिने योजना बदलता येत नाही, असं खिडकीवरच्या मुलीने काल पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, राहू दे, संध्याकाळचा दर पडेल तो पडेल. हे पत्नीच्या कानावर घाला. मी घालायला सांगितलं असं मात्र म्हणू नका.

ता.क. २. तुमच्याकडे एसी नाही, आणि बाहेरच्या खोलीतला पंखा फिरतो कमी, कण्हतो जास्त. तरी तिला तिथे नऊच्या आत झोप लागते. हे कसं, ते सवडीने कळवावं. मी पुष्कळ आकडे मांडून पाहिले.

ता.क. ३. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं: शनिवारी मी तुमच्याकडे येऊ का? तिला न्यायला नव्हे, चार दिवस राहायला. अंथरूण मी आणेन, पंख्याखालची जागा नको. पण होय-नाही तुम्ही ठरवू नका, ताईंनीही नको. तिला विचारा. ती नको म्हणाली तर का, ते विचारू नका. मग कधी चालेल, एवढंच विचारा.