खांबाला लावलेली बांगडी

चि. कोंडीराम यास, थोरली बहीण शालन हिचा आशीर्वाद. तुझे गुडघे, कस्तुराचा खोकला आणि दारातली ती लंगडी गाय, तिघांची खुशाली कळव. कस्तुराला औषध घेतलंस का म्हणून विचारत बसू नकोस, ती हो म्हणते आणि मोरीत ओतते. समोर उभा राहून पाज. इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य जयमालाने आपल्या मनाने घातलं. पत्रात असं लिहावं लागतं म्हणे. राहू दे. पण खरं नाही.)

जयमाला म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची, लातूरकडची, शाळेत शिकवते. मी बोलते, ती लिहिते. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते, कुणाशी झालेलं बोलणं तेवढं जसंच्या तसं ठेवते, तेव्हा पत्र वाचताना म्हातारपणी बहिणीला अक्कल आली असं समजू नकोस. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू तीनदा 'हां हां' करतोस आणि कस्तुराकडे देतोस. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात फोनवर बोलायला आडोसाच नाही. सुजितने घर घेतलं तेव्हा तुझे गुडघे धरले होते, तू आला नाहीस, म्हणून सांगते. पिंपरीत तुझे दाजी जिथे तीस वर्षं लोखंड दाबायच्या प्रेसवर होते ना, ती कंपनी बंद पडली. बिल्डरने तिचे खांब ठेवले, भिंती ठेवल्या, पत्रा काढला आणि वर चार मजले रचले. त्याला 'लॉफ्ट' म्हणतात. लॉफ्ट म्हणजे माळा रे. आपली आई ज्यावर कांदे आणि मोडका पाळणा ठेवायची, तसल्या माळ्यावर माझा नातू आणि नातसून झोपतात आणि पाहुण्यांना कौतुकाने वर नेऊन दाखवतात. खाली मी, वर ती दोघं, मध्ये एक लोखंडी जिना. भिंत नावाला नाही. मी शिंकले की वरून मोनिका म्हणते, आजी वाफ घ्या. पोरीला सातवा लागलाय. गेल्या खेपेचं तुला ठाऊक आहे. तिच्या कानावर जाऊ नये असं काही बोलायचं तर मेथी निवडायच्या निमित्ताने मला जयमालाकडे येऊन बसावं लागतं. आता इथेच बसलेय. चौथी जुडी चालू आहे.

तर झालं असं, की होळीपासून आमची लिफ्ट बंद आहे. बंद आहे म्हणजे दार उघडतं, दिवा लागतो, गाणं वाजतं, फक्त जात नाही. इमारत सांभाळायला बिल्डरने एक कंपनी नेमली आहे, तिचा शेखर म्हणून मॅनेजर आहे. तो कुठे बसतो ते कुणाला माहीत नाही. तक्रार मोबाइलवर करायची. केली की नंबर येतो, आणि दोन दिवसांनी नंबरापुढे हिरवी खूण येते, म्हणजे काम झालं. लिफ्टचं काम असं पाच वेळा झालंय. (सुजितने मला खूण दाखवली. फार सुबक आहे.) मग मी जिन्याने ये-जा करते. जिना खाली गाड्या लावायच्या जागेत उतरतो, तिथे पहिल्याच खांबाला पाठ लावून मी दम खाते. तुझे दाजी त्याच खांबाला टेकून डबा खायचे. मी एकदोनदा डबा पोचवायला आले होते तेव्हा पाहिलंय, म्हणून तो खांब मला घरातला वाटतो. एक दिवस अशीच टेकले तर चोळी पाठीवर ओली. मागे वळून पाहिलं तर वरून पाण्याचा ओघळ आणि ओघळाच्या बाजूने चीर. करंगळीचं नख जाईल एवढी. वर जाते ती थेट छतापर्यंत, आणि त्या छताच्या वर जयमाला, जयमालाच्या वर मी, आणि माझ्या वर माळ्यावर ती पोटुशी पोरगी.

सुजितला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, हेअरलाइन असते, नव्या बांधकामाला पडतेच." मी म्हटलं, "खांब नवा न्हाई बाळा, खांब तुझ्या आज्याच्या वेळचा हाय. त्याने पत्रा पेलायचा करार केला होता, चार मजल्यांचा न्हाई." मग त्याने तक्रार टाकली. दोन दिवसांनी एक माणूस आला, चिरेत पांढरं काही भरलं, वरून रंग मारला आणि फोटो काढला. हिरवी खूण आली. खांबाला पावडर लावून नवरीसारखा उभा केला. आठवड्यात पावडर फाटली.

तेव्हा मला आबा आठवले. तुला आठवतं का, विहिरीच्या कड्याला चीर गेली की आबा आईकडून बांगडीचा तुकडा मागून घ्यायचे आणि चिरेवर आडवा, दोन्ही टोकांना चुना थापून बसवायचे? बांगडी शाबूत राहिली तर चीर जुनी, निजलेली. तडकली तर चीर चालतेय, माणसं लांब करा. काच वाकत नाही, आणि तिला तोंडावर गोड बोलता येत नाही. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं आबांनी, एकही विहीर माणसावर पडू दिली नाही. तू तेव्हा तिथेच बसून उरलेले तुकडे गोळा करायचास. मी तेच केलं. माझ्या हातात आता काचेच्या बांगड्या नाहीत, म्हणून मोनिकाच्या डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्यांतली एक घेतली, अर्धी केली, आणि नळ गळायला लागला की दोन रंगांच्या वड्या मळून लावतात ना, ते सामान दोन्ही टोकांना लावून चिरेवर पक्की बसवली. चौथ्या दिवशी पाहते तो मधोमध तडकलेली. दुसरी लावली. ती तिसऱ्या दिवशी. कोंडीराम, मी त्या दिवशी जिन्यावर बसून वरची माणसं बोटांवर मोजली. बोटं पुरली नाहीत.

आणि इथून पुढे जे झालं त्याला हसावं की काय करावं ते तूच ठरव. तिसऱ्या मजल्यावर इंदुताई म्हणून बाई आहे, परभणीकडची, देवभोळी, मनाने चांगली. तिने खाली उतरताना पाहिलं की खांबावर हिरवी बांगडी आहे आणि वरून पाणी झरतंय. झालं. तिने हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळपर्यंत नारळ. सकाळी ओटी. या जागेवर पूर्वी देवीचं ठाणं होतं, कंपनीवाल्यांनी बुजवलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गावाकडच्या आजीला, म्हणजे मलाच, देवीने दृष्टांत दिला, अशी हकिगत मला माझ्याच दारात ऐकायला मिळाली. मी म्हटलं, "अगं बाई, चीर चालती का बघायला मी लावलीय ती." इंदुताईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आजी, असं उघड बोलू नये, ती कोपते." तिचे मालक उद्धवराव, पंचवीस वर्षं चाकणला सुपरवायझर असलेला माणूस, त्यांनी ते झरणारं पाणी तीर्थ म्हणून दोन पळ्या घेतलं. (ते पाणी कुठल्या नळीतून येतं हे मला माहीत आहे. माझं घर त्याच बाजूला आहे. मी त्यांना सांगितलं नाही, तूही कुठे बोलू नकोस. माणसाची श्रद्धा आणि पोट दोन्ही नाजूक असतात.) बांगडी तडकली की सगळे म्हणतात देवीने कौल दिला. उजवीकडून तडकली की एकाची बदली होते, डावीकडून तडकली की दुसऱ्याच्या मुलीचं लग्न जमतं. चीर चालते आणि लोक पेढे वाटतात. मलाही दिले. खाल्ले, काय करू.

लिफ्टसाठी पाच वेळा न आलेला शेखर देवीसाठी एका दिवसात आला. पहिल्यांदाच पाहिला त्याला. फाटकापाशी बूट काढून अनवाणी आत आला, खांबाला हार घातला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की कंपनीतर्फे येत्या शुक्रवारी मातेची स्थापना होईल. खांबाला चारी बाजूंनी संगमरवरी फरशी बसेल, ट्यूबलाइट लागेल आणि पितळेची मोठी घंटा टांगली जाईल, त्यासाठी ड्रिल मारून खांबात आकडे ठोकायला माणसं येतील. टाळ्या पडल्या. मी पुढे होऊन त्याचा हात धरला आणि त्याचं बोट चिरेवर टेकवलं. म्हटलं, "साहेब, आधी इंजिनिअर दाखवा, मग घंटा बांधा." त्याने बोट काढून रुमालाला पुसलं. "आजी, आता सगळं आईच्या हातात सोपवलंय. आपण कोण?" आणि तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर सुजितने पुन्हा टाकलेल्या तक्रारीपुढे हिरवी खूण पडली. हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

तर शुक्रवारी फरशी बसली की चीर दिसायची बंद होईल. मग बांगडी लावायलाही जागा राहणार नाही. आणि ड्रिल. तुझे दाजी सांगायचे, मोठा प्रेस पडला की त्या खांबात घुमायचं, डब्यातलं ताक हलायचं. परवा दुपारी सगळे कामावर गेलेले, खाली कुणी नव्हतं, तेव्हा मी खांबाला कान लावला. आत 'कट्' असं झालं. बोट मोडल्यासारखं. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा. मी अठ्याहत्तर वर्षांची आहे, विंचू मारलेत, पानशेतचं पाणी पाहिलंय, तुझा स्वयंपाक खाल्लाय. पण त्या आवाजाने माझ्या हातातली किल्ली खाली पडली. तेव्हापासून वर मोनिका माळ्यावर कूस वळते आणि जिना करकरतो, तरी मी ताटावरून उठते. ती विचारते, आजी काय झालं. मी म्हणते, मांजर. आमच्याकडे मांजर नाही. तिने काल आपल्या बांगड्यांचा डबा उघडला आणि अर्ध्या बांगड्या कुठे गेल्या विचारलं. मी म्हटलं, दुपारच्या मी घालून बघते, हौस राहिली होती. पोरगी हसली आणि उरलेल्या सगळ्या मलाच देऊन गेली. तो डबा आता माझ्या मांडीवर आहे, मेथीखाली.

बाकी काळजी करू नये. मी घाबरलेली नाही. गाईला गूळ घाल. अक्षर जयमालाचं, अंगठा माझा.

तुझी आक्का

ता. क. खरं काम आता सांगते. चाळीस वर्षं जत्रेत तुझ्या अंगात येतं आणि चाळीस वर्षं मी तोंडाला पदर लावून हसत आले, कारण ती देवी दरवर्षी कस्तुराने केलेले वडेच मागते. माझं चुकलं, असं मी एकदा लिहून देते. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत ये. फेटा बांध, मळवट भर, आणि ड्रिलवाला मशीन लावायच्या आधी घुमायला लाग. सगळ्यांदेखत म्हण की माझ्या अंगाला लोखंड लावू नका, फरशी नको, घंटा नको, महानगरपालिकेचा इंजिनिअर आणा, तो खांब बघेपर्यंत वरची सगळी माणसं खाली उतरवा, पोटुशी बाई आधी. पाठ कर. वडे मागू नकोस, ते मी वेगळे करून देईन. इथे माणसाचं कुणी ऐकत नाही, देवीचं लगेच ऐकतात. पत्र जयमालाचा नवरा रोहिदास आपल्या रिक्षातून आणून देईल.

ता. क. दुसरा. मी मेथी घेऊन इकडे यायच्या आधी, सकाळी नवी बांगडी लावून आले होते. जयमाला पाकीट आणायला खाली गेली ती आत्ता बघून आली. बांगडी तडकलीय, या खेपेला एक दिवसही टिकली नाही. शुक्रवारचं राहू दे. मी मोनिकाला चहाचं निमित्त करून फाटकाबाहेरच्या टपरीवर नेऊन बसवते, जयमाला घरोघर जाऊन दारं वाजवते, पण नुसतं चला म्हटलं तर कोण येणार. पत्र देऊन रोहिदास तुझ्या दारात थांबेल, त्याच्याच रिक्षात लगेच बस. फेटा नसला तरी चालेल. अंगात यायला तुला वेळ लागतो, तर वाटेत रिक्षातच, पुनावळ्यापासून सुरुवात कर.