आक्काताईच्या फाइलला जागा

सांगली,
सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

ताई,

जय जिनेंद्र. इकडे तब्येती ठीक आहेत. तू आणि दाजी पण बरे असाल. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं, सांभाळून घे. तुझ्या कॉम्प्युटर क्लासची जाहिरात पेपरात दिसली, त्यावर साताऱ्याचा पत्ता होता. बाबांना दाखवली नाही. तुझ्या लग्नापासून तीन वर्षं ते घरात तुझं नाव काढू देत नाहीत, जाहिरात कुठून दाखवू?

कामाचं विचारतो. घरी पेंटियम आलाय. डिस्क २.१ जीबी, रॅम ३२ एमबी. मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली, ती टाकायचीय. आत्ता सगळी डिस्क म्हणजे एकच सी ड्राइव्ह. मी कागदावर काढलंय: विंडोजला १२०० एमबी, लिनक्सला ६००, स्वॅपला रॅमच्या दुप्पट म्हणजे ६४, आणि उरलेलं एक वेगळं पार्टिशन, एकाच फाइलसाठी. बरोबर आहे ना? रोज आकडे बदलतो. डिस्कचे भाग पाडायला एफडिस्क उघडतो, शेवटचं बटण दाबायची वेळ आली की बंद करतो.

ती फाइल जायला नको, एवढंच. मी सारख्या उचापती करतो, मशीन बसतं, मग फॉरमॅट मारायला लागतो. म्हणून तिला वेगळी जागा. ९० एमबीची आहे. हौसेनं सगळ्यात भारी क्वालिटी लावली ना. फ्लॉप्या पासष्ट लागतील, आणि एक जरी खराब निघाली तरी संपलं.

आता लिहितोच. फाइलमध्ये आक्काताईचा आवाज आहे. (दाजींना सांग, ती आपली आत्या, पण आपण तिला आक्काताईच म्हणतो.) ती दीक्षा घेतेय. बावीस तारखेला, रविवारी. मग ती आर्यिका, म्हणजे साध्वी होणार, घरी परत येणार नाही. त्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची म्हणून रोज एकेका घरी हात जोडून येते. शेजारच्या राहीबाईशी नळावरनं दहा वर्षं अबोला होता, तिच्याकडे पण गेली. तुझ्याकडे न्यायला बाबा तयार नाहीत. तुझं नाव घेऊन मला म्हणाली, "चंदीची तेवढी राहिली रं." मी माइक लावून दिला, बटण दाखवलं. मला खोलीबाहेर काढून नऊ मिनिटं बोलली. मी ऐकलेलं नाही.

आणि मी शहाणपणा केला. म्हणालो, कॉम्प्युटरमधनं हे थेट ताईकडे जातंय. ताई, आपल्याकडे इंटरनेट नाहीये. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पोचलं का रं?" मी हो म्हणालो. मग रोज विचारायला लागली, काय म्हणाली चंदी. मी म्हणायचो, कामात असेल. काल पानावरनं उठताना म्हणाली, "न्हाई करायची ती क्षमा. तिचं बी बरोबर हाय."

तू काही बोललीच नाहीस. ते मी केलंय. खरं सांगायला तीनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो आणि परत आलो.

पत्रानं उत्तर देऊ नको, ते बाबांच्या हातात पडेल. ये. दुपारी बाबा मार्केट यार्डात असतात. दाजींना पण आण. तू समोर दिसलीस तर ती स्वतःच बोलेल. तोवर मी डिस्कला हात लावत नाही.

आज अजून तिनं विचारलेलं नाही.

तुझा,
आर्जव