बारा चकत्यांतील गहाळ दोषांबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
काच संशोधन प्रयोगशाळा.

विषय : काचेतील दोष परत करता येत नसल्याने कार्यमुक्तीचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दोन स्मरणपत्रे.

महोदय,

१. मी चौतीस वर्षांच्या सेवेनंतर या महिनाअखेर निवृत्त होत आहे. नोंदवहीत माझ्या नावावर ‘दोषयुक्त काचेच्या चकत्या, नग बारा’ आहेत; दोष प्रयोगासाठी मुद्दाम पाडलेले. त्या जमा करण्यास गेलो असता भांडारपालांनी जांभळ्या दिव्याखाली धरल्या. दोषांची लाल चमक दिसेना. म्हणाले, “काका, चकत्या आल्या, पण दोष कुठायत? ते आणा, लगेच सही करतो.”

२. चूक माझीच. तीन आठवड्यांच्या सुटीआधी चकत्या नायट्रोजनमध्ये ठेवायच्या होत्या. कानातल्या इअरफोनवर कीर्तनाचे निरूपण रंगात आले होते. डोलता डोलता मी नळी हायड्रोजनला जोडली. नायट्रोजन कोणाच्या अध्यात ना मध्यात. हायड्रोजन मात्र काचेतही शिरतो, आणि आतली जोडणी तुटून जो अणू उघडा पडला असेल, त्याचा हात धरतो. मग चमक उरत नाही. यात त्याने वाईट काय केले, हे मला अजून उमगलेले नाही.

३. घरी हे सांगताच सौ. म्हणाल्या, “काचेचे दोष तीन आठवड्यांत गेले. तुमच्यासाठी किती सिलिंडर लागतील, तेही विचारून या.”

४. स्मरणपत्रानुसार चकत्या क्ष-किरणांखाली ठेवून मी दोष पुन्हा पाडले. परंतु आत मुरलेला हायड्रोजन टपूनच बसला आहे. संध्याकाळी पाडलेले दोष सकाळी जागेवर नव्हते. असे दोनदा झाले. सबब तिन्ही वेळचे बारा-बारा धरून माझ्या नावावर आता छत्तीस नग दोष गहाळ आहेत.

५. माझी थोरली ताई एकटी राहते, तिला दिसत नाही. पहिल्या तारखेपासून रोज तिच्यापाशी बसून निरूपण करीन, असा शब्द दिला आहे. तिने माझी खुर्ची पुसून ठेवली आहे. दाखल्याविना मला महिनाअखेरीस कायमचे फाटकाबाहेर सोडणार नाहीत.

६. तरी आपण स्वतः यावे, दिवा लावून चकत्या पाहाव्यात, आणि काहीही दिसले नाही तर ‘काहीही दिसले नाही’ एवढेच लिहून सही करावी. दिवा मी पुसून ठेवला आहे.

आपली वाट पाहत दिव्यापाशी बसलेला,
आपला नम्र,
(सही)
काचकाम विभागातील ‘काका’
दि. २६

सोबत :
१) चकत्या, नग बारा (धडधाकट)
२) ताईचे पत्र, शेजारणीच्या अक्षरात