पुलावरून गेलेली पहिली गाडी

तीर्थरूप बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण दोन बोटं चेमटली आहेत. आईला सांगू नका. तुमचे गुडघे कसे आहेत?

लष्कराच्या सक्तीच्या सेवेत पोरीचं वर्ष वाया जाणार, म्हणून तुम्ही किती भांडलात! पहिले दोन महिने मलाही तसंच वाटायचं. मग पुरात इथला पूल वाहून गेला आणि आमच्या तुकडीला लोखंडी पूल उभारायला पाठवलं. नऊ दिवस आम्ही खांद्यावरून तुळया वाहिल्या. काल शेवटचा बोल्ट मी आवळला.

पलीकडच्या गावात एक बाई अडली होती, म्हणून सगळ्यांत आधी ॲम्ब्युलन्स सोडली. ती पार होईपर्यंत आमचा जीव टांगणीला. संध्याकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आमचे खडूस साहेब डोळे पुसत म्हणाले, “पोरांनो, आज घरी कळवा.”

धाकट्याला नोटीस आली तर त्याच्यासाठीही खुशाल भांडा. सक्ती बरोबर की चूक, मला अजून ठरवता येत नाही. मी आपणहून कधीच आले नसते, हे खरं. पण बाबा, तो पूल उभा आहे, आणि तो तुमच्या लेकीने बांधलाय.

तुमचीच,
थोरली