चाळिसावा दिवस

२० एप्रिल २०२५, रविवार. ईस्टर.

यांना मारलं.

कपाळ फुटलं, उजवा हात मोडला, तोंडातून रक्त येतं आहे. पोलीस कॅम्पच्या गाडीतून गडचिरोलीला आणलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे. घरखर्चाची वही पिशवीत होती, तिचीच मागची पानं. लिहिलं नाही तर ओरडेन.

सकाळी आमच्या अंगणात प्रार्थना झाली. गावात ख्रिस्ती घरं चारच, माणसं एकवीस. पानं वाढली होती. तेवढ्यात गाव आलं — बियाण्याचा वाटा मागायला. पेरणीआधीचा पंडुम, म्हणजे गावाचा सण. दर घरचं मूठभर धान गायत्याकडे जातं, तो गावाचा पुजारी. त्यात कोंबड्याचं रक्त कालवतो, मग तेच सगळे पेरतात. एक घर कमी पडलं तर कोणाचंच पेरणं लागत नाही म्हणतात. आम्ही तीन वर्षं दिलं नाही. गेल्या साली धानावर रोग पडला, वाघानं दोन गुराखी नेले. सगळं आमच्यामुळे!

यांनी हात जोडले. "पायलीभर घ्या, वाटा, खा. रक्तात कालवाले नाई देत."

मी चुलीपाशी भाताचा गंज उतरवत होते. आवाज आला — ओल्या पोत्यावर लाकूड पडावं तसा. एकच. मग थोडा वेळ काही नाही. मग मोजता येईनात इतके.

धावले तोवर पळणाऱ्या पाठी दिसल्या फक्त.

२१ एप्रिल

हे शुद्धीवर आले. हवालदार जबाब घ्यायला आला होता. हे म्हणाले, "पाठ होती माही. कोणी मारलं ते दिसलं नाई."

खोटं! पहिला घाव कपाळावर आहे, समोरून. डॉक्टरही तेच म्हणाले. चौदा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही मरणाच्या खाटेवर.

२२ एप्रिल

शर्ट धुतला. रक्त थंड पाण्यानेच निघतं, गरम लागलं की बसतं. खांद्यावर फाटला आहे, बाकी चांगला आहे. शिवून घेईन.

२५ एप्रिल

अजय आला. शेजारच्या गावचा, आमच्या मंडळीतला. ट्रॅक्टर चालवतो, वीस पोरं हाताशी आहेत. कुऱ्हाडींना धार लावून ठेवली म्हणाला, आणि यांच्या कानाशी वाकला — "काका, एक नाव सांगा. बाकी आमी पाहून घेतो." यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मग मला व्हरांड्यात विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं. देवा, तुला दिसतंच आहे, कशाला लपवू?

२७ एप्रिल, रविवार

भैयाजी पास्टर मोटारसायकलवर आले. खाटेपाशी प्रार्थना केली. प्रभू उठल्यावर चाळीस दिवस आपल्या माणसांत राहिला, त्यांच्यासोबत मासळी खाल्ली, मग त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेला, हे सांगू लागले. स्वर्गारोहणाचा सण एकोणतीस मेला येतो, तोवर लालसूभाऊ उठून बसतील म्हणाले.

मी विचारलं, मरणाला हरवलं मग थांबला का नाही? थांबायचं होतं. कोणाची छाती झाली असती हात लावायची?

पास्टर म्हणाले, "थांबला असता तं एकाच गावाचा राह्यला असता, बाई. तिथं ज्याले पोचता आलं त्याचाच. गेला म्हणून आपल्या गावात बी आहे."

पटलं नाही. माणूस गेला म्हणजे गेला. सर्वत्र असणाऱ्याच्या अंगाला हात लावता येत नाही.

१ मे

गेले. सकाळी नऊ वाजता.

शेवटचं बोलले ते एवढंच — "दादाले सांगजो…" पुढचं रक्तात राहिलं.

दादा म्हणजे मुखरू, यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. गायत्याच्या उजव्या हाताला बसणारे. काय सांगू त्यांना? त्या दिवशी अंगणात तेही होते.

२ मे

चिरफाड झाली. प्रेत घेऊन निघालो. गावाच्या वेशीवर बांबू आडवा. अख्खं गाव उभं.

आमच्या घराण्याची जागा नाल्यापलीकडे आहे. सासूसासऱ्यांचे दगड तिथेच. मी फक्त तेवढी जागा मागितली. गायता म्हणाला, "तुमचा देव तं वर गेला ना? मंग यालेई वरच धाडा. माती आमची आहे."

हसले लोक. मुखरू भासरे हसले नाहीत. पण बांबूही उचलला नाही. जमिनीकडे पाहत उभे!

अजयने बांबूला लाथ घातली. तिथून दगड सुरू झाले. पास्टरांचा कान फाटला. एका बाईचे दोन दात पडले. गाडीची काच फुटून आत यांच्या तोंडावर सांडली. मी यांच्या गालातून काचा वेचल्या, एकेक. रक्त आलं नाही. मेलेल्या माणसाला पुन्हा मारलं, आणि त्याच्यातून रक्तही आलं नाही.

शेवटी कॅम्पवाल्यांनी हवेत गोळी झाडली. आमच्याच धानाच्या बांधीत, बेहड्याच्या झाडाखाली पुरलं. शिवलेला शर्ट घातला होता. मुंडण नाही, दगड नाही, घराण्यातलं कोणी नाही. लाकडाचा क्रूस अजयने ठोकला.

५ मे

आज विळ्याला धार लावली. गवत कापायचं नव्हतं.

९ मे

मुखरू भासऱ्यांचा कोंबडा कुंपणातून आत आला. लाल, मोठा, पंडुमसाठी राखलेला. बी अजून अडलेलंच आहे, यांच्या मरणाने विटाळ धरला म्हणून.

धरला. मान मुरगळली. किती सोपं असतं! दोन बोटांत एक लहानसा आवाज, संपलं. आवडलं मला — हे लिहिलंच पाहिजे. आवडलं.

टाकून कसा देऊ? शिजवला. भासऱ्यांची बायको, मंगली जाऊ, कुंपणाशी आली. रश्श्याचा वास तिला कळला. माझ्याकडे पाहत राहिली आणि एक शब्द न बोलता वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. घास उतरला नाही. कुत्र्याला घातला.

१३ मे

प्रार्थनेत एकच मागते. नाव दे.

१८ मे, रविवार

पास्टरांच्या कानाला टाके आहेत, तरी आले. पुढच्या आठवड्यात सण, म्हणून त्यावरच बोलले. वहीत लिहून ठेवते, कारण आज पहिल्यांदा काही आत गेलं.

म्हणाले, प्रभू वर गेला तो वारा होऊन नाही गेला. जे अंग खिळ्यांनी फाडलं तेच घेऊन गेला. हाताची भोकं बुजवली नाहीत, कुशीची जखम शिवली नाही. देवाच्या घरात सगळं धडधाकट, आणि मधोमध एक फाटलेलं अंग बसलं आहे. आपल्यासारख्या माणसाचं. तिथं आपली जागा झाली ती त्या अंगामुळे.

अजय उठला. "म्हणजे पुरावा घेऊन गेला. न्याय कराले."

मी विचारलं, आणि खिळे ज्याने ठोकले त्याचं नाव? तेही वर जाऊन सांगितलं का?

पास्टर बराच वेळ पुस्तक चाळत राहिले. "नाव कुठंच नाई, बाई. त्या शिपायाचं नाव कोणालेच माहीत नाई."

मग पुढचं सांगितलं. शिष्य वर पाहत उभेच राहिले, तेव्हा पांढऱ्या कपड्यातले दोघे येऊन त्यांना बोलले, की इथं माना वर करून काय करता, गावात जा. गावात जा म्हणे! गावातच तर मारलं होतं त्याला.

जखमा नेल्या, नावं नेली नाहीत. घरी येताना तेवढंच पायात घोळत होतं. राग आला मला. यांनीही तेच केलं!

२३ मे

तेंदूची पानं जमा करतात त्या फळीवर बायका माझ्यापासून चार हात लांब बसतात. पुडे बांधताना कोणीतरी म्हणालं, लालसूचं भूत बेहड्यापाशी एकटं फिरते, त्याले घराणं सापडून नाई राह्यलं. मुद्दाम, मला ऐकू जाईल असं.

मी म्हणाले, भूत नाही, माझा माणूस आहे, आणि तो एकटा नाही. आवाज फाटला.

२९ मे, गुरुवार. स्वर्गारोहण.

चाळिसावा दिवस. सकाळी आठला सगळे बांधीवर जमलो, कबरीपाशीच प्रार्थना करायची ठरली होती.

कबर उघडी. आत कोणी नाही.

इंदुताई, म्हातारी, तिचे गुडघे टेकले. "उठला," म्हणाली. एवढ्या हळू, की सगळ्यांना ऐकू आलं. आणि आम्ही सगळे — पास्टरसुद्धा — वर पाहू लागलो. आभाळ पांढरंफटक होतं. मी पाहिलं. शोधलं. शिवलेला शर्ट दिसतो का ते शोधलं!

मग खाली पाहिलं. कडेला फावड्याचे घाव होते. बंडीच्या चाकाची चाकोरी बांधावरून नाल्याकडे गेली होती. आणि क्रूस उपटून फेकलेला नव्हता. झाडाला टेकवून नीट उभा ठेवला होता.

अजयने फोन लावले. दुपारपर्यंत शाळेच्या पटांगणात वीस कुऱ्हाडी. गावही गोटे, बाण घेऊन बसलं आहे. कॅम्पचे साहेब दोघांच्या मध्ये. परवा जबाब घेतो म्हणाले, तोवर कोणी हलायचं नाही. अजय मला म्हणाला, "काकी, परवापर्यंत नाव आलं तं एकच मरंल. नाई आलं तं जो दिसंल तो." पास्टरांनी त्याचा दंड धरला, त्याने झटकला. पास्टर एवढंच म्हणू शकले, की विश्वासणाऱ्याचं अंग दगडांच्या देवाखाली नेलं असेल, तर नेणारा कोणीही असो, मंडळीतून तुटला.

मी चाकोरी कोणाला दाखवली नाही. पायाने बुजवत आले.

३० मे

उजाडताच नाल्यापलीकडे गेले. विळा कमरेला.

सासूसासऱ्यांच्या दगडांमधली माती ताजी होती. मुखरू भासरे तिच्याशेजारी बसले होते. हात सोललेले. मला पाहून उठले नाहीत.

भासऱ्याच्या समोर बोलायचं नसतं, सावलीही पडू द्यायची नसते. चौदा वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आज पदर खांद्यावर होता. विचारलं, पहिला हात कोणाचा?

"माहाच."

विळा हातात कधी आला कळलं नाही.

"घरच्यानं मारलं की गाव हात लावत नाई. आमच्यात तसंच आहे, बाई. मनलं, एक मी घालतो, भागते, घरी जातीन सारे. थांबले बी. तू ऐकलं असशील. मंग मागून कोणी दुसरी घातली, अन् मंग…" सोललेला हात त्यांनी मातीवर दाबला. "त्याले समजलं होतं. माह्या हातात काठी पाहून त्यानं डोकं खाली केलं. मार म्हणून."

एक. मग थोडा वेळ काही नाही. ती शांतता मी ऐकली होती. चुलीपाशी उभी राहून ऐकली होती.

मग उकरलं कशाला, विचारलं. गावाने बांबू लावला तेव्हा तोंड शिवलं होतं का?

"भेलो. पण तो तिथी एकटाच होता न. रोज दिसे. इथी माय आहे, बाप आहे." मग मान पुढे केली. "नाव सांगून दे. मी नाई मननार नाई. का आताच घाल."

मानेची शीर दिसत होती. कोंबड्याची आठवली. तसंच सोपं झालं असतं, खरंच सांगते.

मी म्हणाले, मरताना तुम्हाला निरोप होता. दादाले सांगजो, एवढाच. पुढचं राहिलं.

ते मातीवर आडवे झाले. एवढा मोठा माणूस. मी विळा कमरेला खोचून परत आले. क्षमा वगैरे काही केली नाही. अजूनही केलेली नाही.

३१ मे

रिकामी कबर मी बुजवली. एकटीने, सहा ते अकरा, हाताला फडकंही न बांधता. तळहाताला सात फोड आले, चार फुटले. मग कॅम्पवर जाऊन सांगितलं — मीच उकरलं, मीच बंडीवर नेलं, सासूसासऱ्यांपाशी ठेवलं. माझा नवरा, माझी मर्जी. अजय दारात होता. ऐकून माझ्या पायाशी थुंकला आणि पोरांना घेऊन गेला. पास्टरांनी डोळे मिटले. उद्या रविवार, मंडळीतून माझं नाव काढतील.

साहेबांनी पेन थांबवलं. "बाईमाणूस, एकटीनं?"

मी दोन्ही हात पुढे केले.