चोराची सासू

बाळापूर,
ता. १६ एप्रिल २०१८

प्रियाताईस अनुपचा जयभीम.

घरी सगळे बरे आहेत. ऊन फार आहे. बोंडअळीच्या मदतीचे अर्ज टाइप करून घ्यायला आमच्या झेरॉक्सच्या दुकानात अजून गर्दी असते. लोक 'बोंडअळी' नाना तऱ्हांनी लिहून आणतात, मी नीट करून देतो. आईचा गुडघा तसाच. तुमच्या राजापेठेत नळ रोज येतो का?

आता मुद्दा. शनिवारी माझ्या नावाने पार्सल आलं. आत दुर्बीण, तारे पाहायची, स्टँडसकट. पाठवणाऱ्याचं नाव नाही, फक्त ऑनलाइन दुकानाचा शिक्का.

बाबांनी खोक्याला हातही लावला नाही.

"फुकट कोन देते रे? अन् तुलेच काहून?"

"भेट आहे, बाबा."

"भेट देनारा नाव लपवत नसते. उद्या कोनी येईन अन् मनन, हप्ते भर. सोमवारी कुरिअरवाल्याले वापस करून टाक."

आई म्हणाली, "एखाद्या पोरीनं तं नाई धाडली?" मला वाटलं, माझी थट्टा करते आहे. आता तसं वाटत नाही.

माझा संशय वेगळ्याच माणसावर होता. फोनवर आमचा आकाश पाहणाऱ्यांचा गट आहे. त्यात 'ध्रुव' नावाचा कुणी मला सारखा काहीतरी पाठवतो. कधी फोन आकाशाकडे धरला की ताऱ्यांची नावं सांगणारं ॲप, कधी अंतराळ स्थानक अकोल्यावरून केव्हा जाणार त्याची लिंक, कधी शनीच्या कड्यांचा व्हिडिओ. फोटो नाही, गाव नाही. मागच्या महिन्यात त्याने विचारलं, "तुला दुर्बिण आवडेल का?" मी लिहिलं, "दुर्बीण. बी दीर्घ." मग त्याने पत्ता मागितला. मी घाबरून दुकानाचा दिला, तरी पार्सल घरी आलं. म्हणजे ध्रुवला घर माहीत होतं.

खोक्यात एक छापील चिठ्ठी होती: "आता चोराची सासू वेगळी दिसेल."

ताई, सप्तर्षींना म्हातारीची बाज आणि तीन चोर म्हणणारी घरं पुष्कळ असतील. पण मधल्या चोराला चिकटलेल्या बारीक चांदणीला 'चोराची सासू' फक्त आपली आई म्हणते. सासू संगं असल्यावर चोर चोरी कशी करीन, असं सांगून तीच आपल्याला हसवायची. तेव्हा ध्रुवला विचारण्यात अर्थ नाही, तो नाहीच म्हणेल. म्हणून कागदावर तुलाच विचारतो: ध्रुव तूच ना?

चिठ्ठी मी वाचून दाखवली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. तुझ्या लग्नापासून या घरात तुझं नाव निघत नाही, त्यामुळे ते गप्प का, हे मी विचारू शकलो नाही. मला वाटलं, ही तुझ्याकडची हे त्यांना कळलं तर दुर्बीण नक्कीच जाते. आणि नाही कळलं, तर लबाडीचा माल म्हणूनही जाते.

काल जेवणाआधी आईला हाताला धरून गच्चीवर नेलं. तिने डोळा लावला आणि म्हणाली, "अवो, दूर बसली आहे सासू! पाहा तं." बाबा वर आले. बराच वेळ वाकून राहिले.

आज कुरिअरवाला आला. बाबांनी त्याला पाणी पाजलं आणि रिकामाच पाठवला. मी दुकानाला निघालो, तर मागून म्हणाले, "ज्यानं धाडली त्याले सांग, स्टँड हालून राह्यला. येऊन कसून द्या मनावं."

मी सगळे स्क्रू तपासले. स्टँड हलत नाही.

मग मला त्या 'द्या'चा संशय आला. बाबा आदराने कुणाला अहोजाहो करत नाहीत. तहसीलदारालाही 'तू' म्हणून आले आहेत. त्यांच्या तोंडचं 'द्या' एका माणसासाठी असूच शकत नाही.

दानियालभाऊजींना हे वाचून दाखव. 'भाऊजी' मी पहिल्यांदाच लिहितो आहे. ऊ दीर्घच असतो, मी पाहून घेतलं.

तुम्हा दोघांचा,
अनुप